प्लॉट नंबर १७, टाकीजवळ

जळगावात हायवेपलीकडे घर बांधायला काढलं की बँक कर्ज देते, वास्तुशास्त्रवाला जिना फिरवून देतो, मेहुणा फरशी कुठून घ्यायची ते सांगतो. पण बांधून झालेल्या घराचा पत्ता लोकांना कसा सांगायचा, हे कुणी सांगत नाही. ते ज्याचं त्यानेच शिकायचं असतं. तेही मे महिन्यात, भर दुपारी, फोन कानाला लावून गच्चीवर उभं राहून. गच्चीवर अशासाठी, की फोनवरचा माणूस निदान दिसला तरी पाहिजे.

कागदावर माझा पत्ता अगदी चोख आहे. गट नंबर आहे, प्लॉट नंबर १७ आहे, कॉलनीचं नाव आहे, पिनकोड आहे. अडचण एवढीच की पूर्वी इथे शेतं होती. कुणाची कपाशी, कुणाची केळी. एकेक शेत आपापल्या मुहूर्तावर एन.ए., म्हणजे बिगरशेती, झालं, प्रत्येकाचा वेगळा ले-आऊट पडला आणि प्रत्येक ले-आऊटमध्ये प्लॉटची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. त्यामुळे आमच्या भागात १७ नंबरची घरं डझनभर तरी असावीत. माझ्या डाव्या हाताला १८ आहे आणि उजव्या हाताला ४२, कारण तिथून दुसऱ्याचं शेत लागतं. नावांचंही तेच. एका शेतमालकाने साईनगर नाव दिलं, बांधाला लागून असलेल्याने नवीन साईनगर, त्यापुढच्याने साई पार्क. सबका मालिक एक म्हणतात. इथे मालक वेगळे आणि नाव एक.

म्हणून मग पत्त्यात 'टाकीजवळ' लिहावं लागतं.

"काका, पार्सल आहे तुमचं. कोठे यायचं?"

"तू कुठे आहेस?"

"टाकीजोडे उभा शे."

"कोणत्या टाकीजवळ?"

"पाण्याच्या."

जळगावला पाणी वाघूर धरणाचं. ते आधी टाक्यांत चढतं आणि मग नळाला उतरतं. आमच्या नळाला ते रोज काही उतरत नाही, पण टाक्या रोजच्या रोज जागेवर असतात. गच्चीवरून मला तीन दिसतात.

"टाकीचा रंग कोणता आहे?"

"रंग उडेल शे."

तीनही टाक्यांना हे लागू पडत होतं.

"बरं, समोर विजेचा डीपी दिसतो का?"

"दिसस ना."

"डीपीखाली कुत्रा बसलाय?"

"शे. भुकी ऱ्हायना."

"काळा आहे की तपकिरी? काळा असला तर तसाच पुढे ये. तपकिरी असला तर माघारी फिर."

"काका, पहिले हे सांगा, गाडीवरून पाय खाली टेकू का नको?"

यानंतर 'आथा वळू का तथा' हा टप्पा येतो. आथा म्हणजे इकडे आणि तथा म्हणजे तिकडे, इथपर्यंत वाद नाही. पण त्याचं तोंड टाकीकडे आणि माझं तोंड त्याच्याकडे, त्यामुळे त्याचं आथा ते माझं तथा होतं. शेवटी मीच चपला घालून कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. घरपोच म्हणून जे जे येतं ते आमच्याकडे कोपरापोच येतं.

आमच्या शेजारच्या आप्पांना पत्ता विचारणं हा आणखी वेगळा प्रकार. आप्पा फक्त नसलेल्या गोष्टींच्या खुणा सांगतात. 'जकात नाक्यावरून आत वळा.' जकात जाऊन दशक उलटलं, नाक्याच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत. 'शिवाजीनगरच्या पुलावरून या' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल असतो. तो पाडायला घेतला २०१९ मध्ये, आणि नवा होईपर्यंत पलीकडची मंडळी किती फेऱ्याने येत होती ते त्यांनाच विचारा. राष्ट्रीय महामार्ग ६ चा ५३ झाला, तो बदल आप्पांपर्यंत पोचलेला नाही. विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, याचा आप्पांना मनापासून अभिमान, कारण त्यांचं आजोळ बहिणाबाईंच्याच आसोद्याचं. पण रिक्षावाल्याला सांगताना तोंडातून निघतं 'उमवि'च, म्हणजे जुनं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. त्यांच्या माळ्यावर वडिलांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने 'जि. पूर्व खान्देश' असं लिहिलंय. तो जिल्हा कागदोपत्री गेला त्याला साठ वर्षं होऊन गेली. ट्रंक शाबूत आहे.

आप्पांच्या खुणा निदान कायमच्या गेलेल्या असतात. माझ्या खुणांना हंगाम असतो, आणि तो सांभाळणं जास्त कठीण.

उन्हाळ्यात घर सापडायला सोपं, कारण कोपऱ्यावर रसवंती लागते. पारा ४५ च्या आसपास गेला की घुंगरांच्या आवाजावर माणूस बरोबर तिथे येऊन थांबतो. पत्ता शोधायला नव्हे, पण थांबतो. एक ग्लास पोटात गेल्यावर त्याची ऐकून घेण्याची क्षमताही वाढते. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, रसवंतीवाला चरक उचलून गावी जातो आणि आमचं घर नकाशावरून पुसलं जातं. मग 'मोठ्या डबक्यापाशी' सुरू होतं. पण खाली सगळी काळी माती. आठवड्याभरात डबकी एकमेकांना मिळतात आणि मोठं कोणतं हे ठरवायला कुणी उरत नाही. पाइपासाठी खोदलेली एक चारी होती. तिचा पत्त्यासाठी फार उपयोग व्हायचा. अर्धवट बुजवून तीही बिघडवली. आता ती धड चारी नाही आणि धड रस्ता नाही, फोनवर तिला म्हणायचं काय?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी पलीकडच्या गल्लीत कानबाई, म्हणजे आमची खान्देशची देवी, बसते. तेव्हा 'गाणी ऐकू येतात तिकडे या' एवढं पुरतं. अर्थात रोटांच्या प्रसादाला येणारे भाऊबंद कानबाईकडे जातात, माझ्याकडे नाही. गणपतीत मंडप रस्त्याच्या मधोमध. त्या दिवसांत आमच्या घराला पत्ताच नसतो, आणि खरं सांगायचं तर ते दहा दिवस बरे जातात.

सगळ्यात भरवशाची खूण हिवाळ्यातली. कोपऱ्यावर संध्याकाळी काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला घेतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन म्हणजे हा माल अमुक ठिकाणचाच, असं सरकारने लिहून दिलेलं असतं. वांगं कुठलं हे दिल्लीपर्यंत ठाऊक आहे. प्लॉट नंबर १७ कुठला, हे चौफुलीवर ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचे साडू गाडी घेऊन आले. त्यांना पत्ता सांगताना 'हायवेवर खोटेनगर लागेल' म्हणालो, तर म्हणाले, "अहो, खरा सांगा." नंतर त्यांनी मला काही विचारलंच नाही. फोनमध्ये सगळं असतं, म्हणाले. तसे ते खान्देश व्यवस्थित पाहून आले. एरंडोलजवळ पद्मालयाला गेले, कमळांचं तळं पाहिलं, डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन्ही गणपती पाहिले. जैन हिल्सवर गांधीजींचं संग्रहालय, गांधीतीर्थ, पाहिलं. ते २०१२ साली उघडलं, म्हणजे आमच्या कॉलनीच्या बरोबरीचंच. पण तिथे कुणीही हात दाखवून पाठवतं. मेहरूण तलावावर बसून बोरं खाल्ली. कुठेही चुकले नाहीत. संध्याकाळी आमच्याकडे जेवायला म्हणून निघाले आणि फोनमधल्या बाईने त्यांना सांगितलं, "तुम्ही पोहोचला आहात."

पोहोचले होते, नाल्याच्या पलीकडे. मी गच्चीवर, ते समोर. साडूंच्या हातातली मिठाईची पिशवी मला दिसत होती.

"इथून पायवाट नाही का हो?" त्यांनी ओरडून विचारलं.

"होती. तिथे प्लॉट पडले."

"मग?"

"हायवेला परत जा, टाकीवरून..."

"कोणत्या टाकीवरून?"

मेहुणीने गाडीची काच खाली केली. "भाऊजी, शेवभाजीचा वास इथपर्यंत येतोय. तुम्ही आमची पानं वाढायला घ्या, आम्ही उद्यापर्यंत पोचतो."

आले तेव्हा बट्ट्या गार झाल्या होत्या. साडूंनी तूप जास्त घेतलं आणि विषय काढला नाही. मेहुणीने मात्र पुण्याला गेल्यावर सगळ्यांना सांगितलं.

ते ऐकून सौ.ने मनावर घेतलं आणि कॉलनीची मीटिंग बोलावली. चौकात नावाची मोठी पाटी लावायची. वर्गणीवर लगेच एकमत झालं, याचंच मला नवल वाटलं. भांडण नावावरून झालं. साईनगरवाल्यांना नवीन साईनगर खाली बारीक अक्षरात हवं होतं. नवीन साईनगरवाले म्हणाले, मग वर 'जुने' असं लिहा. घरांच्या नंबरांचा नकाशा पाटीवर रंगवायची सूचना एका तरुणाने केली. पण नकाशात ओपन स्पेस दाखवावी लागेल, म्हटल्यावर ज्यांची ओटे-कंपाउंडं ओपन स्पेसमध्ये सरकली आहेत त्यांनी चहा मागवला आणि विषय पुढे गेला. अखेर पाटी झाली. निळ्यावर पांढरी अक्षरं, बाण, सगळं नीट. नारळ आप्पांच्या हस्ते फुटला.

चौथ्या दिवशी पाटीवर बॅनर बांधला गेला. कुणा युवा नेतृत्वाचा वाढदिवस. पांढरा शर्ट, काळा गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. पाटीचा कोपराही दिसेना. वाढदिवस झाला, पुढचा महिना लागला, बॅनर तसाच.

परवा पार्सलवाला पोरगा आला तो थेट दारात. फोन नाही, आथा-तथा नाही. मी विचारलं, "सापडलं कसं रे?"

"गॉगलवाल्या दादांपासून डावीकडे. सगळ्या पोरांना माहीत आहे, काका."

रविवारी मीटिंगमध्ये बॅनर उतरवायचा विषय निघाला. आप्पांनी ठरावाला विरोध केला. लागलाच तर पावसाळ्याआधी वरून प्लास्टिक घालू, म्हणाले.