घरी सांगण्यापुरतं जुनं गोवं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मित्रांबरोबर गोव्याला निघताय ना? मग बॅग भरण्याआधी घरी काय सांगायचं ते ठरवा. ‘चार दिवस वाळूत लोळणार आहोत’ असं कुणी सांगत नाही. ‘जुनं गोवं बघायला चाललोय, युनेस्कोच्या यादीत आहे’ असं सांगायचं. 1986 साली तिथल्या चर्चना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती तुमच्याच सोयीसाठी, असा माझा पक्का समज आहे. वारसा म्हटलं की सासरेसुद्धा गप्प बसतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ऑक्टोबरातच काढा. 14 जण ‘पक्का’ म्हणतील, निघायच्या पहाटे गाडीपाशी 5 उभे असतील. खोल्या मात्र 7 घेतलेल्या असतात. रिकाम्या खोल्यांचे पैसे कुणी भरायचे हा विषय परतीच्या घाटासाठी राखून ठेवा.

प्रत्येक ग्रुपचा एक मित्र गोव्यात राहत असतोच. त्याला आधी कळवू नका. पणजीच्या पुलावर आलात की फोन लावा, ‘अरे, पोचलो! स्वस्तातली व्हिला सुचव ना, स्विमिंग पूलवाली.’ (तो मित्र म्हणजे मी. या आठवड्यात माझा फोन बायकोच्या ताब्यात असतो.) स्कूटर भाड्याने घेताना पिवळ्या अक्षरांची काळी पाटी, म्हणजे भाड्याने द्यायच्या परवान्याची खूण, बिलकूल शोधू नका, पांढऱ्या पाटीची स्वस्तात पडते. पुढच्या नाक्यावर पोलिसाने तालांव, म्हणजे दंडाची पावती, दिली की ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणायचं. तुमच्याकडे काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे, पण आम्ही बोलत नाही.

जुनं गोवं शेवटच्या दिवशी ठेवा, भर दुपारी, डोकं ठणकत असताना. ज्यानं गोवं पाहिलं त्यानं लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल, असं एकेकाळी पोर्तुगीज म्हणायचे. ते गोवं म्हणजे हे गाव. हल्ली ज्यानं बागा बीच पाहिलं त्यानं गोवा नाही पाहिला तरी चालतं. पणजीहून अंतर दहाएक किलोमीटर. वाटेत रायबंदरचा बांध लागतो, सतराव्या शतकातला, खाडीतून सरळ गेलेला. तेवढ्या वेळात खिडकीबाहेर बघायचं नाही, गाडीत चार्जर कुणाकडे आहे ते शोधायचं.

उतरलात की समोर बॉम जेझसची बॅसिलिका. बर्म्युडा घालूनच जा, म्हणजे दारात अडवल्यावर अर्धा ग्रुप बाहेरच थांबेल आणि वेळ वाचेल. लालसर भिंती बघून कुणीतरी म्हणेलच, ‘रंगाला पैसे पुरले नाहीत वाटतं.’ मान डोलवा. मुळात या जांभ्यावर गिलावा होता, गेल्या शतकाच्या मध्याला तो काढला आणि तेव्हापासून उघडा चिरा दर पावसाळ्यात पाणी पितोय, हे सांगायला जाऊ नका. पुढच्या ट्रिपला बोलावणार नाहीत.

आत सेंट फ्रान्सिस झेवियर चांदीच्या पेटीत, उंचावर. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, दोन वर्षांनी देह गोव्यात आला. ‘ममी नीट दिसतच नाही’ म्हणून नाराज व्हा. पेटी दहा वर्षांतून एकदा खाली उतरवतात. गेली खेप 5 जानेवारी 2025 ला संपली, तेव्हा तुम्ही कळंगुटला होतात.

आता एक खास सूचना. तुमच्या गाडीच्या मागच्या काचेवर छत्रपतींचं चित्र आहे, ते मी पाहिलं. झकास आहे. म्हणूनच या पेटीसमोर फार वेळ थांबू नका, नाहीतर भलतंसलतं आठवेल. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजीराजांच्या माणसांनी इथून जवळच, नदीपल्याडचं जुवे बेट घेतलं. विजरई, म्हणजे पोर्तुगीज राजाचा इथला प्रतिनिधी, स्वतः ते सोडवायला गेला आणि मार खाऊन, जखमी होऊन परत आला. शहर हातचं जाणार या धास्तीनं त्यानं ही पेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या हवाली केला. म्हणजे, आता तुम्हीच सांभाळा. पुढे मोगल पाठीवर आले म्हणून राजे परतले, ती गोष्ट वेगळी. आणखी दोन पावलं गेलात तर विजरईची कमान लागेल. तिच्याखालून उतरलं की धक्का, दिवाडीची फेरी, चालत चढणाऱ्याला फुकट. दिवाडी ओलांडून दुसऱ्या फेरीनं नार्वे, आणि तिथे सप्तकोटेश्वर, 1668 साली शिवाजी महाराजांनी नव्यानं बांधवलेलं देऊळ. अर्ध्या दिवसाचंही काम नाही. पण संध्याकाळी मांडवीवरच्या क्रूझचं बुकिंग असतं, आणि महाराज काय, काचेवर आहेतच.

टेकडीवरचा सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा 46 मीटर उंच. तिथे प्री-वेडिंगवाल्यांची रांग असते, त्यामुळे गाडीतूनच बघा.

ग्रुप फोटो मात्र से कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर काढायचा. सगळे मावायला हवेत, मग मागे चर्च मावलं नाही तरी हरकत नाही. घरी पोचल्यावर आधी काजू बाहेर काढा, मग फोटो. आई चष्मा लावून म्हणेल, ‘अरे, या चर्चला मनोराच नाही का?’ एक होता तो 1776 साली पडला, असं ठणकावून सांगा. दुसरा शाबूत आहे. तो तुमच्या टोपीमागे गेलाय.