जॅग्वार न घेणाऱ्यांचीही असते

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकाने जॅग्वारच्या 'टाइप ००' या नव्या इलेक्ट्रिक नमुना-गाडीचा फोटो टाकला. मी लिहिलं, ही मला जॅग्वार वाटत नाही. लगेच उत्तर आलं, "तुला कुठे घ्यायचीय? तुला विचारतंय कोण?" तेव्हापासून डोकं तापलंय.

नाही घ्यायची. लाख पौंडांवरची गाडी या जन्मात मला झेपणार नाही. पण एखाद्या गाडीवर जीव लावायला आधी खरेदीची पावती दाखवावी लागते का?

लहानपणी समोरच्या बिल्डिंगमधल्या पारशी अंकलकडे जॅग्वारची मार्क २ होती. रविवारी ते गाडी धुवायचे आणि आम्ही पोरं कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघायचो. एकदा मला आत बसवलं. आधी हुकूम, "दीकरा, पेला हाथ धोई आव!" अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, मधोमध ओळीने खटके, जुन्या चामड्याचा वास. स्टार्टरचं बटण मला दाबू दिलं. सहा सिलिंडरचं ते इंजिन आधी खाकरलं आणि मग घुमायला लागलं. सीटमधून ती थरथर पाठीत चढली, ती अजून गेलेली नाही.

ते एक्सके इंजिन. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेन्ट्रीच्या कारखान्यात रात्री बॉम्बने लागणाऱ्या आगींवर पहारा देता देता जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स आणि त्यांच्या इंजिनिअरांनी त्याचा बेत आखला. १९४८ साली एक्सके १२० या स्पोर्ट्स कारमध्ये ते आलं, त्याच्या जोरावर जॅग्वारने पन्नाशीच्या दशकात 'ल माँ'ची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली, आणि १९९२ पर्यंत ते बनत होतं. असला वारसा असताना नोव्हेंबर २०२४ मध्ये जॅग्वारवाल्यांनी जाहिरात काढली, तीत भडक कपड्यातली माणसं, आणि गाडी एकही नाही! वर सांगून टाकलं की जुनी गिऱ्हाइकं बहुतेक परत येणार नाहीत, असं धरूनच आम्ही चाललोय. अहो, असं कोणी बोलतं का?

गाड्या खपत नव्हत्या, हे मान्य. पोर्शेने २००२ मध्ये केयेन ही एसयूव्ही काढली तेव्हाही लोकांनी बोंब मारली होती आणि त्याच केयेनने कंपनीला हात दिला, हेही मान्य. पण म्हणून त्यांनी आपली जुनी स्पोर्ट्स कार ९११ बंद केली का? इथे जॅग्वारने आपली स्पोर्ट्स कार एफ-टाइप संपवली, ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांची विक्रीच थांबवली, आणि हातात काय, तर एक गुलाबी आणि एक निळं मॉडेल.

मला सगळ्यात जास्त टोचते ती किंमत. लायन्ससाहेबांनी १९६१ मध्ये ई-टाइप ही स्पोर्ट्स कार आणली ती अ‍ॅस्टन मार्टिनच्या जवळपास निम्म्या किमतीत. दिसायला राजेशाही, पण डॉक्टर-वकिलाला जमवाजमव करून घेता येईल, असा त्यांचा हिशोब होता. आमचे अंकलही कोणी गडगंज नव्हते, नोकरदार माणूस. आणि परवडणारा तरी एवढे पैसे कशासाठी मोजतो? रस्त्याने जाताना माना वळतात म्हणूनच ना! त्या माना आमच्या असतात. भिंतीवर बसलेल्या पोरांना वजा करा आणि मग विका तुमची गाडी.

जाऊ दे. चिडून लिहितोय, पण रागही आपल्या माणसावरच येतो. २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार घेतली, पुढे पुण्यात जॅग्वारची एक्सएफ जोडली जायला लागली, तेव्हा छाती फुगली होती. अंकल तोवर राहिले नव्हते. असते तर अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले असते.

इलेक्ट्रिक करा, त्याला माझी ना नाही. लांब बॉनेट ठेवलंत, ते चांगलं केलंत. पण पुढेमागे एखादी गाडी अशीही काढा, जी बँकेतल्या मॅनेजरला कर्ज काढून का होईना, घेता येईल. मालक मुंबईचे आहेत, हे त्यांना मराठीतून सांगायला मला कसलाही संकोच वाटत नाही.