पेरूजची कुलपं

वाईचा आमचा वाडा बिल्डरला द्यायचा की नाही, यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन महिने वाद पेटलाय. परवा दादाने लिहिलं, ‘ल्योंला बसून वाडा जपा म्हणायला तुझं काय जातं? इथे राहतंय कोण?’ ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

राहणाऱ्यांनीच बोलायचं असतं, तर फ्रान्समधलं, ल्योंजवळचं पेरूज आज उभं नसतं. ल्योंच्या पार-द्यू स्टेशनवरून टीईआर या प्रादेशिक गाडीने मेक्सिम्यूला उतरायचं आणि टेकडी चढायची. आम्ही वर्षातून दोन-तीनदा तरी जातो. तटबंदीतलं विणकरांचं गाव. पायाखाली सगळे नदीतले गोटे, चर्चच्या भिंतीलासुद्धा किल्ल्यासारख्या जंग्या. चौकात १७९२ साली, क्रांतीच्या दिवसांत, स्वातंत्र्याचं झाड म्हणून लावलेलं लिंडेन अजून सावली देतंय. १४६८ साली दोफिने प्रांताच्या सैन्याने वेढा घातला, पण गाव पडलं नाही. वेशीवरचा लेख सांगतो, की त्या हलकटांना गाव घेता आलं नाही, पण जाताना दारं, बिजागऱ्या आणि कुलपं तेवढी उचलून नेली.

वेढ्याला जमलं नाही ते पुढे रस्त्याने आणि रेल्वेने केलं. दोन्ही गावाला वळसा घालून गेले, गिरण्यांपुढे हातमाग बसले, माणसं टेकडी उतरून गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडकी घरं पाडणं सुरू झालं होतं. १९११ साली ती वाचवायला समिती उभी राहिली आणि ल्योंचे महापौर एदुआर एरियो तिच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचं तरी तिथे कुठे घर होतं? आता तिथे खिडकीचा रंग बदलायलाही परवानगी लागते, आणि लोक ती काढतात. आपल्याकडे सागवानी तुळई दिसली की आधी तिचा भाव विचारतात.

हे सगळं दादाला लिहिलं. त्याने एवढंच विचारलं, ‘त्या समितीने पैसे घातले असतील ना?’

घातलेच असणार. मी नाही घातले. तीन वर्षांपूर्वी माजघराचं माळवद खचलं तेव्हा दादाने एकट्याने टेकू लावले. मी फोटो मागवले आणि हळहळलो. वाटणीत मात्र माझा हिस्सा पूर्ण आहे.

मागच्या दिवाळीत परतताना दिंडी दरवाजाचं पितळी कुलूप मी बॅगेत घालून आणलं. इथे ते हॉलच्या भिंतीवर लावलंय. फ्रेंच पाहुणे आले की मी त्यांना वाड्याबद्दल सांगतो. दादाने तेव्हा दरवाजाला साखळी बांधली होती. ती अजून तशीच आहे.