‘बिनधास्त न्या’ हे मीच म्हणालो होतो

राम राम भाऊ.

तुम्ही नेटवर आमच्या बंदुकीच्या दुकानाला एकच तारा दिलाय. लिहिलंय की, जानेवारीत मुलीसाठी घेतलेलं पॉइंट टू-टूचं (०.२२ इंची नळीचं) सेकंडहँड पिस्तूल १२० राउंडांत, म्हणजे काडतुसांत, ९ वेळा अडकलं, त्यात स्पर्धेतली एक सिरीज, पाच शॉटचा संच, गेली, दुकानात चार फोन केले ते कुणी उचलले नाहीत. आणि शेवटी, “वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना, अन् जळगावच्या दुकानदाराला एक पिस्तूल धड देता येईना.” हे वाचून माझा मुलगा हसला. मला काही हसू आलं नाही.

फोनचं आधी. खरं आहे. घरात लग्न होतं आणि दुकानाचा मोबाइल गल्ल्यात पडून होता. ताईंना, म्हणजे तुमच्या मुलीला, दुसऱ्या दिवशी फोन करायला हवा होता, तोही राहिला.

आता पिस्तूल. परवा ताई ते जमा करून गेल्या. रात्री शटर ओढून मी ते खोलून बसलो. चेंबर म्हणजे राउंड जिथं बसतो ती जागा. तिच्या तोंडाशी, कडेवर, फायरिंग पिनचा घाव सापडला. नखाला लागतो, एवढा. बारा बोअर बंदुकीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध पेट देणारी टोपी असते, पिन तिच्यावर पडते. टू-टूला टोपीच नाही. पेट घेणारं मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या काठात असतं आणि पिन तो काठ चेंबरच्या कडेवर चेपते. म्हणजे पिन हातोडा आणि कड ऐरण. आधीच्या मालकानं घरी सराव करताना डमी न घालता, रिकाम्या चेंबरवर चाप ओढला असणार. काही पिस्तुलांत तेव्हा पिन सरळ कडेवर आपटते. रोज आपटली की ऐरणीलाच खड्डा पडतो. मग राउंड पूर्ण बसत नाही, बसला तरी मार पोचत नाही.

जानेवारीत मी नळी पाहिली, स्प्रिंग पाहिली, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर पाहिला. कड पाहिली नाही. पन्नासचा एक डबा मारला, पन्नासच्या पन्नास वाजल्या, आणि तुम्हाला म्हणालो, “बिनधास्त न्या.” हा शब्द माझा, चूकही माझी.

त्या पन्नासबद्दल जरा बोलतो, कारण इथं माझ्यासारखे दुकानदार आणि तुमच्यासारखे गिऱ्हाईक दोघंही फसतात. समजा एक पिस्तूल १०० राउंडांमागे सरासरी २ वेळा अडकतं. ते पन्नासच्या एका डब्यातून तीनातल्या एका वेळी तरी अगदी स्वच्छ बाहेर पडेल. तेच पिस्तूल ६० राउंडांच्या स्पर्धेत दहातल्या सात वेळा किमान एकदा दगा देईल. हिशोब पोरानं मांडून दाखवला. मला आधी पटेना, मग रात्रभर डोक्यातून जाईना. ३०० राउंड विनाअडथळा गेले, तर कुठं शंभरात एकाहून जास्त अडत नसावं असं म्हणता येतं. वडिलांच्या काळी आमच्याकडे यावल-रावेरच्या शेतकऱ्यांच्या बारा बोअरच यायच्या. दोन राउंड मारायचे, वाजल्या की झालं. तीच सवय मी टू-टूला लावली.

पण तुमच्या नऊच्या नऊ माझ्या खात्यावर घेणार नाही, भाऊ. ताईंनी फार शहाणपणाचं एक काम केलं होतं: न वाजलेले चारही राउंड वेगळ्या डबीत ठेवले होते. दोनांच्या काठावर ठसा उथळ होता. ते माझे. उरलेल्या दोनांवर ठसा चांगला खोल होता, म्हणजे पिननं काम केलं, राउंडनं नाही केलं. त्यातला एक मी रेंजवर अर्धा फिरवून, काठाची नवी बाजू पिनखाली आणून मारला. वाजला! कारखान्यात ते मिश्रण ओलं असताना फिरवून काठात पसरवतात. एखाद्या जागी पोचलं नाही आणि पिन नेमकी तिथंच पडली, की राउंड मुका. भारी मॅच राउंडांत हे कमी होतं, स्वस्त डब्यांत जास्त.

तीन वेळा रिकामी पुंगळी बाहेर पडताना पिस्तुलाच्या खिडकीत उभी अडकली, ते मात्र भुसावळच्या मे महिन्याचं काम. ताई म्हणाल्या, डबे गाडीच्या डिकीत असायचे. टू-टूची गोळी शिशाची, वरून मेणाचा लेप. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना डिकीत काय होत असेल ते तुम्हीच सांगा. मेण पातळ होतं, धूळ धरतं, चेंबरमध्ये जाऊन बसतं, आणि पुंगळी चिकटते. चेंबरमधून मी काढलेला चिकटा कागदावर ठेवलाय, आलात की दाखवतो. काळ्या गुळासारखा दिसतो. डबे घरात, सावलीत ठेवा. आणि दर दोन-तीनशे राउंडांनी चेंबर पुसा, नुसती नळी नाही.

राहिले दोन, ते मॅगझीनमधले. टू-टूचा काठ बाहेर आलेला असतो. वरच्या राउंडचा काठ खालच्याच्या मागे अडकला की वरचा पुढं सरकत नाही. भरताना प्रत्येक राउंडचा काठ खालच्याच्या पुढं बसलाय ना, एवढं बघायचं. हे मी विकतानाच दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं.

सिरीजबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. २५ मीटर पिस्तूल म्हणजे राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तोच प्रकार. ३० शॉट निवांत, ३० झटपट. राउंड वाजला नाही तेव्हा ताईंनी सवयीनं स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून तो काढला. तिथंच हक्क गेला. पिस्तूल निशाण्याकडे रोखलेलंच ठेवायचं, मोकळा हात वर करायचा, रेंज ऑफिसर येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्यांनी तपासून पिस्तुलाचा दोष मानला तर नियमानं गेलेले शॉट भरून काढायला मिळतात. आधी उघडलं तर तो दोष नेमबाजाच्या नावावर. सरावातही न वाजलेला राउंड लगेच काढू नका. तोंड निशाण्याकडे ठेवून ३० सेकंद थांबा, कधीकधी तो उशिरा वाजतो.

वरणगावचं एवढंच सांगतो, तिथं सैन्याच्या रायफलींची काडतुसं बनतात. ती मधोमध टोपीवाली. आपल्या तक्रारीत त्यांना ओढू नका.

चेंबरची कड चेपून सरळ केलीय, फायरिंग पिनची स्प्रिंग नवी टाकलीय. पैसे नाहीत. आता ३०० राउंड माझ्या खर्चानं, एकाच कंपनीचे, ताईंच्या हातून आणि माझ्यासमोर. प्रत्येक अडथळा वहीत लिहायचा: कितवा राउंड, काय झालं, ठसा कसा. एकाहून जास्त वेळा अडकलं तर पिस्तूल माझं, पैसे तुमचे. परवान्यावरची नोंद उलटी करायला कागद लागतात, वेळ जाईल, पण ते सगळं मी करीन.

रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत. ताईंचा परवाना मूळ प्रत आणा, झेरॉक्स चालत नाही. आणि डिकीतले उरलेले डबेही आणा. ते वेगळे मारून बघू.