सगळ्यांना टेस्टिंगला बोलवा, फक्त वेळेवर बोलवू नका

‘क्वालिटी ही सगळ्यांची जबाबदारी आहे’ ही पाटी तुमच्या ऑफिसात लिफ्टसमोर लागली असेल, तर अर्धं काम झालंच म्हणून समजा. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हे चाळीच्या जिन्यातल्या बल्बने आपल्याला लहानपणीच शिकवलेलं आहे.

पण हल्ली क्लायंट विचारतो. सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये सगळी टीम असते ना? डेव्हलपर, डिझायनर, सपोर्ट, सेल्स, अकाउंट्स? नाही म्हटलं तर बिल अडकतं. मी अंधेरीत बरीच वर्षं टेस्टिंग करतोय. सगळ्यांना सामील करून घ्यायचं आणि तरी काहीच बदलू द्यायचं नाही, ही कला फार जवळून पाहिली आहे. तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर असाल तर ती फुकट शिकून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुहूर्त. रिक्वायरमेंटची, म्हणजे काय बनवायचं ते ठरवायची मीटिंग असते तेव्हा टेस्टरला आणि सपोर्टवाल्यांना चुकूनही बोलवायचं नाही. ही माणसं प्रश्न विचारतात. आमच्याकडे मासळीच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी ऑर्डर घेणारं अ‍ॅप बनत होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘त्या दिवशीची ऑर्डर त्याच दिवशी पोचवायची.’ किती सुटसुटीत! तिथे टेस्टर असता तर म्हणाला असता, ‘दिवस म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?’ झालं, अर्ध्या तासाची मीटिंग जेवणापर्यंत गेली असती. तेव्हा बोलवायचं ते रिलीजच्या आधीच्या शुक्रवारी, चार वाजता. त्याआधी बोलावलं तर सापडलेलं दुरुस्त करायला वेळ उरतो, आणि वेळ उरला की दुरुस्त करावं लागतं.

शुक्रवारी वडापाव मागवा. कॉन्फरन्स रूममध्ये वीस माणसं, मधोमध सुक्या चटणीच्या पुड्या, आणि सगळ्यांना एकच लॉगिन. तेलकट बोटांनी स्क्रीन चालत नाही, हा त्या दिवशीचा पहिला खरा शोध असतो; तो कुणी नोंदवत नाही. ग्राहकाचं नाव प्रत्येकाने ‘टेस्ट टेस्ट’ असंच टाकायचं, पत्ता ‘एबीसी’, मोबाइल दहा वेळा नऊ. जगात एकच ग्राहक आहे आणि त्याचं आडनाव टेस्ट आहे, या गृहीतकावर सॉफ्टवेअर अतिशय सुरेख चालतं.

वर बक्षीस ठेवा: जो सगळ्यात जास्त बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, काढेल त्याला कूपन. डिझायनर लगेच चाळीसेक नोंदवतो, बटण दोन पिक्सेल डावीकडे सरकलंय वगैरे. तुमच्या अहवालात आकडा झोकात दिसतो. सेल्सवाले एक नोंदवतात, ‘लोगो मोठा हवा’, आणि फोन आला म्हणून बाहेर जातात. हे सगळं जिरामध्ये, म्हणजे बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. त्याचं नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण मराठी माणसाने ठेवलं असतं तरी हेच ठेवलं असतं. तिथे सगळं जिरतं.

आता खरा धोका. सपोर्टची ताई.

आमची ताई वसईहून येते. दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकते, त्यामुळे अ‍ॅप कुठे मोडतं हे तिला सॉफ्टवेअरचा आराखडा आखणाऱ्या आर्किटेक्टपेक्षा जास्त कळतं. अशा माणसापासून सावध राहा. तिने ‘टेस्ट टेस्ट’ न टाकता स्वतःचं आडनाव टाकलं. डि’मेलो, इंग्रजीत लिहितात तसं, मध्ये अपॉस्ट्रॉफीसकट. स्क्रीन पांढरी झाली. तिने पुन्हा टाकलं, पुन्हा पांढरी.

डेव्हलपर खुर्चीसकट सरकत आला. कारण त्याला बघताक्षणी कळलं होतं: ते एक चिन्ह डेटाबेसच्या भाषेत ‘मजकूर इथे संपला’ अशी खूण असतं, आणि आलेलं नाव न गाळता तसंच आत ढकललं की पुढचं ‘मेलो’ त्याला हुकूम वाटतो. उद्या कुणी नावाच्या जागी खराच हुकूम लिहिला, तर तोही पाळला जाईल. इतकं सगळं कळूनही तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, ते वरचं टिंब काढून टाका ना.’

‘ते माझ्या आधारवर आहे,’ ताई म्हणाली.

‘मग आधारवर प्रॉब्लेम आहे.’

याला म्हणतात टीम. त्या बगवर शेरा पडला, ‘युजरला प्रशिक्षण द्यावे’. वसईत त्या आडनावाची किती घरं आहेत हे मोजायचा आग्रह कुणी धरला नाही. तुम्हीही धरू नका.

बग म्हणजे इंग्रजीत किडा. यंत्रात सापडलेल्या अशाच एका किड्याची, पतंगाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू संगणकात, ७० क्रमांकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये पतंग अडकला होता. तो काढून चक्क नोंदवहीत चिकटवून ठेवला. केवढा हा बावळटपणा! आपल्याकडे असता तर ‘पतंग मेला असल्याने पुन्हा करून दाखवता येत नाही’ असं लिहून पाचच मिनिटांत बंद केला असता.

कुणी फारच ताणलं तर डेव्हलपरचं हुकमी वाक्य वापरा: ‘हा जुना कोड आहे, तीन वर्षं चालतोय.’ या वाक्याला मोठी परंपरा आहे. एरियन-४ रॉकेटवर व्यवस्थित चाललेला कोड एरियन-५ वर तसाच उचलून बसवला होता. ४ जून १९९६ रोजी ते उडालं. नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेगाने जाणारं; ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही, आणि चाळीसेक सेकंदांत सगळं आकाशात विखुरलं. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ती यंत्रणा आधी तपासलीच नव्हती, असं चौकशीत निघालं. त्यात वाईट म्हणजे कोडचा तो भाग उड्डाणानंतर नव्या रॉकेटला लागतही नव्हता. आपलं अ‍ॅप चौथ्या मजल्याच्या वर जात नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही.

अकाउंट्सच्या काकांना लाखाचा स्वल्पविराम चुकलाय असं दिसेल. त्यांना दुसरा वडापाव द्या.

पण ताईवर लक्ष ठेवा, कारण ती एकावर थांबत नाही. निघता निघता, खांद्याला पर्स लावून, तिने विचारलं, ‘पहाटेच्या ऑर्डरी कुणी टाकून बघितल्या का? आपले लोक चारला भाऊच्या धक्क्यावर असतात.’

रूममध्ये हसू पिकलं. ‘पहाटे चारला कोण ऑर्डर टाकतं?’ हा प्रश्न पवईत अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने विचारला. मासळीच्या धंद्यात चार म्हणजे भर दुपार असते, हे त्याला सांगायची ताईला सोय नव्हती. तिची गाडी चुकत होती. शेरा पडला: ‘एज केस’. एज केस म्हणजे असा ग्राहक, जो आपण उठायच्या आत जागा असतो.

आमची टीम अकरा ते आठ टेस्टिंग करायची. सर्व्हर तारीख लिहायचा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे अकरा ते आठ तारीख कायम बरोबर यायची, आणि सगळे रकाने हिरवेगार. तुम्हीही टेस्टिंग ऑफिसच्या वेळेतच करा. रात्री बारा ते पहाटे साडेपाच सर्व्हरवर कालचाच दिवस चालू असतो. त्या वेळात डोकावणं असभ्यपणाचं आहे.

रविवारी रात्री रिलीज झालं, ग्रुपवर टाळ्या पडल्या. सोमवारी पहाटे चार चाळीसला एका व्यापाऱ्याने पापलेट आणि बोंबलाची ऑर्डर टाकली. ती रविवारच्या खात्यात बसली. रविवारचा हिशोब बारालाच बंद झाला होता, म्हणून ती सोमवारच्या यादीत आलीच नाही आणि टेम्पोही सुटला नाही. माल बर्फात पडून, बर्फाचं पाणी होत चाललेलं, आणि अ‍ॅपवर हिरवी खूण: ‘ऑर्डर यशस्वी’.

अशा वेळी ताबडतोब मीटिंग लावा, साडेअकराला. डेव्हलपर, आर्किटेक्ट, सेल्स, डिझायनर, सगळ्यांना बोलवा, कारण जबाबदारी सगळ्यांची आहे. पहिला प्रश्न असा विचारा: ‘हे आधी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?’

ताईला बोलवायची गरज नाही. ती पाच वाजल्यापासून फोनवर आहे.