कॅन्सर रंग बघत नाही म्हणे, आणि गोळी?

डिचोलीच्या मावशीनं परवा रात्री साडेदहाला एक फॉरवर्ड पाठवला, खाली तिचा प्रश्न, "खरं काय रे हे? सोमवारी डॉक्टर अभ्यासासाठी रक्त मागणारेत, नको म्हणून सांगू?" तिचा मुलगा १७ वर्षांचा, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, सध्या मेंटेनन्स (कॅन्सर परतू नये म्हणून चालणारा गोळ्यांचा टप्पा) चालू. म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेजवाला म्हणतो, कॅन्सर काळा-गोरा बघत नाही, मग संशोधनात सगळ्या वंशांची मुलं हवीत हे परदेशी फॅड. अरे बाबा, कॅन्सर बघत नसेल, औषधाचं काय? मावशी रोज रात्री पाटावर सुरीनं मर्कॅप्टोप्युरिन या किमोच्या औषधाची गोळी अर्धी करते. ही गोळी कोणाला किती सोसेल ते बघायला वर्षानुवर्षं मुख्यतः टीपीएमटी हे (शरीरात औषध निष्प्रभ करायला लागणारं) एकच जनुक तपासायचे, कारण युरोपियन लोकांत गडबड तिथं सापडते. आशियातल्या कित्येकांचं टीपीएमटी ठणठणीत, तरी पांढऱ्या पेशी धाडकन खाली! २०१४ मध्ये कोरियातल्या पेशंटांत (आतड्याच्या आजाराचे, पण गोळी त्याच कुळातली) एनयूडीटी-१५ जनुकातला बदल सापडला आणि २०१५ मध्ये ल्युकेमियाच्या मुलांत तेच दिसलं, ज्यांना हा बदल आईबापा दोघांकडून आला त्यांना ठरलेल्या डोसच्या जेमतेम ८ टक्के सोसला. आपल्या भारतीयांतही हा बदल आहे, युरोपियनांत अगदी कमी. नुसती गोरी मुलं तपासत बसले असते तर कळलं असतं का हे?

दुसरं, "गिनिपिग करतात". इथं थोडी माघार घेतो. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या, घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नाही. आपल्याकडे आंध्रात एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या) अभ्यासात मुलींच्या संमतीवर हॉस्टेलच्या वॉर्डननी सह्या ठोकल्या. भीती उगाच नाही. पण म्हणूनच आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) नियम आहेत, सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःला विचारावं लागतं, नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत. आणि मावशीकडे मागितलंय काय, तर एक ट्यूब रक्त!

तिसरं, "पोरांना काय कळतं, त्यांना संशोधनाच्या सल्लागार कमिटीवर बसवणं नाटक". किमोच्या आधी "मला पुढं मुलं होतील ना?" हे विचारलं आमच्या पोरानंच, आम्ही चार मोठी माणसं तिथं नंदीबैलासारखी बसलेली. हां, बोलवतात ती इंग्रजी फाडफाड बोलणारीच पोरं, सत्तरी तालुक्यातल्या पोराला कोण विचारतो, ही तक्रार माझीही आहे.

मावशीला लिहिलं, त्यालाच विचार. तिनं विचारलं. म्हणाला, घेऊ दे, पण उजव्या हाताचं, डाव्याची शीर सापडत नाही त्यांना.