समुद्र न बघता शँटीवर लिहिणाऱ्याचं उत्तर

शँटीवरच्या, म्हणजे शिडाच्या जहाजांवर काम करताना खलाशी तालात म्हणायचे त्या गाण्यांवरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एकदा चहाच्या आधी आणि एकदा नंतर, दोन्ही वेळा तेवढीच झोंबली. मुद्दा असेल तर मांडा ना, कोण नको म्हणतंय. पण 'समुद्र न बघता नेटवरून उचलून शँटीवर लिहिणारे फार झालेत' हे काय बोलणं झालं?

आधी तुमचं बरोबर आहे ते देऊन टाकतो. लेखात 'वेलरमन' या गाण्याला मी शँटी म्हटलं, ते शँटी नाही, मान्य. दोर ओढायचं गाणं नाहीच ते, न्यूझीलंडच्या व्हेलमाऱ्यांचं आहे, ओटागोला १८३१ मध्ये तळ टाकणाऱ्या वेलर बंधूंवरून आलेलं. घाईत लिहून गेलो, बदलतो.

आता समुद्र. माझे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी म्हणून चढले ते सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरले. मी स्वतः सहा वर्षं मर्चंट नेव्हीत काढलीत, इंजिन रूमला. (हो, तिथे कोणी गात नाही, शँटीचा जीव वाफेनेच घेतला, लेखात आहे ते, वाचलं असतंत तर दिसलं असतं.) लहानपणी आजोबांबरोबर होडी वाळूवर ओढायला जायचो, एक जण लांबवून आरोळी द्यायचा, बाकीचे 'हैश्शा'ला एकदम ताण द्यायचे आणि मधे नुसता दम घ्यायचे. शँटीतली ओढ वेगळी काय असते? परबाण, म्हणजे शीड बांधायची आडवी काठी, वर चढवताना शँटीमन, म्हणजे गाणं सांगणारा, एक ओळ गाणार, मग कोरसच्या ठरलेल्या शब्दांवर सगळ्यांची एकदम ओढ. हे हाताला फोड आले तेव्हा कळलंय मला, नेटवर नव्हे.

राहिलं तुम्ही पुरावा म्हणून दिलेलं १५४९ च्या आसपासचं 'कम्प्लेंट ऑफ स्कॉटलंड' हे पुस्तक. त्यात खलाशांच्या आरोळ्या आहेत, माहितेय, पण आरोळी म्हणजे शँटी नाही, विषय संपला. मी म्हणतोय ती गाणी १९व्या शतकातल्या व्यापारी जहाजांवरची, जिथे माणसं कमी आणि शिडं अवाढव्य, आणि त्यात अमेरिकेतल्या मोबाइल नावाच्या बंदरात कापसाच्या गासड्या स्क्रूने दाबून जहाजात कोंबणाऱ्या काळ्या कामगारांच्या गाण्यांचा मोठा वाटा. १७१५ च्या चाच्यांच्या तोंडी ती घालायची आणि वर 'ऑथेंटिक' म्हणायचं, हे व्हिडिओ गेमवाल्यांना शोभतं, तुम्हाला नाही.

बाकीच्या तीन मुद्द्यांवर वेळ घालवावा असं त्यात काही दिसलं नाही. आणि मला ते 'काका' म्हणणं जरा आवरा, ४३ चा आहे मी.